मुलींच्या उन्हाळी शिबिरांतील तायांचे निवेदन

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
अमरावती विभाग, अमरावती

विषय : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मुलींच्या निवासी उन्हाळी शिबिरांत काम करणाऱ्या तायांना नियुक्तिपत्र, मानधन व निर्णयाचा अधिकार मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

दर उन्हाळ्यात या दोन जिल्ह्यांत मुलींची निवासी शिबिरे भरतात. त्यांत आम्ही ताई म्हणून काम करतो. आमच्यातल्या बऱ्याच जणी शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थिनी आहेत, काही लग्नानंतर पुन्हा या कामाकडे वळलेल्या. मुलीला शिबिराला पाठवायचे की नाही हे घरात ठरताना आई एकच गोष्ट विचारते : रात्री सोबत कोण राहणार? आयोजक सांगतात, ताई आहेत ना. त्या ताईकडे मात्र साधे नियुक्तिपत्रही नसते.

व्यायाम शिकवणे हे कसबी काम आहे, हे अमरावतीला नव्याने सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. अशा गावात मैदानावर लेझीम शिकवणारा प्रशिक्षक ठरतो, आणि रात्री दोन वाजता उलट्या करणाऱ्या पोरीजवळ बसणारी ‘सेवाभावी कार्यकर्ती’. सेवाभाव आमच्यात आहेच. तो मानधन बुडवण्याचे कारण होऊ नये. शिबिरापूर्वी लेखी नियुक्तिपत्र द्यावे, कामाचे तास व मानधन त्यात नमूद असावे आणि शिबिर संपल्यापासून सात दिवसांत ते बँक खात्यात जमा व्हावे.

आमचा सर्वांत तातडीचा मुद्दा उन्हाचा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले आणि भरदुपारच्या खासगी शिकवण्यांवरही निर्बंध आणले. शिबिरांचे वेळापत्रक मात्र पाहुण्यांच्या सोयीने ठरते. एका शिबिरात समारोपाचे संचलन दुपारी अडीचला ठेवले होते. मुलींनी दुपट्टे बांधले होते. ते ‘फोटोत बरे दिसत नाहीत’ म्हणून सोडायला लावले. ताईने हरकत घेतली, तर तुम्हाला कोणी विचारले, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या फेरीत एक मुलगी कोसळली. अंग तापलेले, घाम बंद, बोलणे असंबद्ध. ऑटोत घालून दवाखान्यात नेले, सलाईन लागले, मुलगी वाचली. त्या ताईला पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, एप्रिल-मे महिन्यांत, आणि नवतप्यात तर कटाक्षाने, सकाळी साडेनऊ ते सायंकाळी पाच या वेळेत मैदानावरचा कोणताही कार्यक्रम ठेवू नये. तसा आदेश आपल्या कार्यालयाने काढावा. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार ताईला नियुक्तिपत्रातच लिहून द्यावा. नियम नुसता भिंतीवर चिकटवून भागत नाही. पाहुणे आले की तो मोडणाऱ्यासमोर उभे राहायला तिच्या हाती कागद लागतो.

रात्रीचे काम कोणाच्या हिशेबात नसते. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून चाळीस-चाळीस मुली झोपतात, बाथरूमला कडी नसते, दिवा अंगणापलीकडे. घरापासून पहिल्यांदाच दूर आलेल्या मुलीची पाळी अशाच रात्री पहिल्यांदा येते, आणि ताई स्वतःच्या पिशवीतले पॅड काढून देते. बारा मुलींमागे एक ताई, आतून बंद होणारी न्हाणीघरे, पॅडचा साठा आणि रात्रपाळी केलेल्या ताईला दुसऱ्या दिवशी सकाळची विश्रांती, एवढे झाल्याशिवाय निवासी शिबिराला परवानगी देऊ नये.

पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. मुली सगळ्यांत आधी आमच्याजवळ बोलतात, त्यामुळे ही जबाबदारी आधी आमच्यावर येते. तिचे प्रशिक्षण शिबिरापूर्वी द्यावे आणि १०९८ हा क्रमांक मुलींच्या खोलीत लावावा. आम्हालाही त्रास होऊ शकतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या अशा तक्रारी महिलांच्या कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. त्या समितीचा पत्ता व दूरध्वनी प्रत्येक नियुक्तिपत्रावर छापावा.

चिखलदऱ्याला थंड हवा म्हणून शिबिरे नेतात, ते योग्यच. पण मेळघाटात मोबाईलला जागोजागी रेंज मिळत नाही आणि खाली परतवाड्यापर्यंत घाट आहे. तेथे रात्री गाडी व चालक मुक्कामी असावेत. स्थानिक मुलींसाठी कोरकू बोलणारी एक तरी ताई नेमावी. ‘पोट दुखते’ एवढे सांगायलाही मुलीला दुभाषा शोधावा लागू नये.

यंदाच्या शिबिरांना परवानगी देण्यापूर्वी, मार्चअखेरपर्यंत, दोन्ही जिल्ह्यांचे क्रीडा अधिकारी, महिला व बाल विकास अधिकारी आणि आमच्या प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली घ्यावी, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
मुलींच्या उन्हाळी शिबिरांत काम करणाऱ्या ताया,
अमरावती व अकोला जिल्हे

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, अमरावती आणि अकोला
मा. उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा, अमरावती विभाग