फलक धुराचा, व्यसन चघळण्याचे

तंजावुरातील एका सरकारी कार्यालयाच्या जिन्यात 'धूम्रपान निषिद्ध, दंड 200 रुपये' असा फलक आहे. रोज सकाळी त्याच फलकाखाली उभा राहून तेथील शिपाई तंबाखूची चिमूट ओठाखाली सारतो. तो नियम मोडत नाही. 2003 च्या कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक जागी धुरास मनाई करते. चघळण्याविषयी अवाक्षर काढत नाही. (तो थुंकला तर साहेब रागावतात, कारण भिंत रंगते.) तमिळमध्ये तंबाखूला 'पुगैयिलै' म्हणजे धुराचे पान म्हणतात, चघळणाराही तोच शब्द वापरतो. कायदा करणाऱ्यांनीही तंबाखू म्हणजे धूर एवढेच गृहीत धरलेले दिसते. वास्तविक पूर्वी याच जिल्ह्यात असलेले वेदारण्यम चघळण्याच्या तंबाखूसाठीच प्रसिद्ध आहे.

2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील 28.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते, ओढणारे 10.7 टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे 21.4. तामिळनाडूत एकूण प्रमाण 20 टक्के, महाराष्ट्रात 26.6, आणि त्यात ओढणारे अवघे 3.8. परमुलखात राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना इकडचे लोक अधिक व्यसनी वाटतात, कारण विडीचा धूर दिसतो. आपल्याकडची चुन्याची डबी खिशात राहते.

सेवन आणि अवलंबित्व यांत भेद आहे. जाग आल्यापासून किती मिनिटांत पहिली विडी वा चिमूट लागते, ही अवलंबित्वाची एक मान्य कसोटी. या शिपायाला ती चहापूर्वी लागते. 'इच्छाशक्ती नाही' हा माझ्या सहकाऱ्यांचा निदान-निर्णय मला मान्य नाही. त्याच सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक धूम्रपींनी आणि जवळजवळ निम्म्या चघळणाऱ्यांनी सोडण्याचा विचार बोलून दाखवला होता. इच्छेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो आधाराचा, आणि मुबलकता आहे ती स्वस्त मालाची.

ही स्वस्ताई आपोआप आलेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट-गुटख्यासाठी 40 टक्के दर ठरवला आणि विडीचा दर 28 वरून 18 वर, तेंदूपानाचा 18 वरून 5 वर आणला. विडी वळणाऱ्या स्त्रियांची रोजी हे कारण पुढे केले जाते. परंतु कर घटल्याने त्यांची मजुरी वाढेलच याची कोणतीही हमी नाही. विडी स्वस्त ठेवण्याची वाट मात्र मोकळी होते. व्यसनी माणूस भाव वाढताच सोडत नाही हे खरे. पण गरीब आणि नवखा ग्राहक किमतीलाच सर्वाधिक बिचकतो, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते.

पाकिटाच्या 85 टक्के भागावर 2016 पासून इशारा छापला जातो. सुटी विडी घेणाऱ्याला तो दिसत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट-विडीची विक्री बंद केली. सुटीत गावी गेलात की कोपऱ्यावरची टपरी अवश्य पाहा.

जिन्यातील फलकाखाली 1800-11-2356 हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य क्रमांक लावावा आणि बंदीत चघळणेही घ्यावे, अशी टिपणी मी पाठवली होती. शेरा आला : 'फलकाचा नमुना ठरलेला आहे.'