हरलेल्या निविदाकाराची हरकत

2015 हे साल अमेरिकेच्या शासनयंत्रणेला मोठ्या नामुष्कीचे गेले. केंद्रीय नोकरांचे दप्तर सांभाळणाऱ्या कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाच्या संगणकांत परक्यांनी शिरकाव केल्याचे त्या वर्षी उघडकीस आले. सुमारे 2 कोटी 15 लाख माणसांची खाजगी माहिती चोरीस गेल्याचे शासनाला कबूल करावे लागले. त्यांपैकी 56 लाखांच्या बोटांचे ठसेही त्यात होते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तेथील अंतर्गत सुरक्षा खात्याने मुलकी खात्यांच्या संगणकजाळ्याच्या रक्षणाचे सुमारे 1 अब्ज डॉलरपर्यंतचे कंत्राट रेथिऑन या कंपनीला दिले. प्रतिस्पर्धी नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीने या निवडीस हरकत घेतली व खात्याला आपला निर्णय पुन्हा तपासावा लागला. 2017 साली कंत्राट पुन्हा रेथिऑनलाच मिळाले. पुन्हा हरकत आली, आणि ऑक्टोबरात ती फेटाळली गेली. दोन वर्षे लोटली. कंत्राटदार मात्र तोच राहिला.

चोर घरात शिरून गेल्यावरही राखणदार कोण असावा याचा वाद दोन वर्षे चालावा, हे कोणाही सुज्ञ माणसाला विपरीत वाटेल. सुरक्षेच्या कामांपुरता तरी हा हरकतीचा हक्क काढून घ्यावा, अशी सूचनाही सहज सुचेल. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सूचना चुकीची आहे. मात्र ती का चुकीची, हे समजण्यासाठी हरकतीची यंत्रणा प्रथम पाहिली पाहिजे.

अमेरिकेत अशा तक्रारी मुख्यतः गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या संस्थेपुढे चालतात. 1921 साली स्थापन झालेली ही संस्था शासनाच्या नव्हे, तर तेथील काँग्रेसच्या अखत्यारीत आहे. आपल्याकडील महालेखापरीक्षकांप्रमाणे ती खर्चाची तपासणी करते. पण त्याशिवाय निविदाकारांच्या तक्रारीही ऐकते. 1984 च्या कायद्याने तिच्या या कामास धार आली. ठरावीक दिवसांच्या आत तक्रार दाखल झाली, की नव्या कंत्राटाचे काम आपोआप थांबते, आणि निर्णय 100 दिवसांत द्यावा लागतो. काम थांबणे परवडणारे नसेल, तर खातेप्रमुख लेखी कारणे देऊन ते चालू ठेवू शकतो. संस्थेचा निर्णय ही तत्त्वतः केवळ शिफारस असते. तरीही खाती बहुधा ती मानतात.

यातील 100 दिवसांची मर्यादा ध्यानात घेतली, म्हणजे दोन वर्षांच्या विलंबाचा सारा दोष तक्रारदाराच्या माथी मारता येत नाही. त्यातील बराचसा काळ खात्याने आपलेच मूल्यमापन पुन्हा करण्यात खर्च केला. पहिल्याच वेळी कारणे नीट नोंदवून निर्णय झाला असता, तर तो फिरून तपासण्याची पाळी आली नसती.

पहारेकऱ्याचा स्वार्थ

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या हक्काचे मर्म वेगळेच आहे. सरकारी खरेदीत पैसा करदात्याचा असतो आणि निवड अधिकारी करतो. ती निवड योग्य होती की नाही हे तपासण्याची सवड वा कुवत करदात्याजवळ नसते. संगणकसुरक्षेच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट आहे. पूल खचला तर रस्त्यावरच्या माणसालाही दिसतो; संगणकाची तटबंदी पोकळ असली तर ते चोरी झाल्यावरच कळते. अशा वेळी निविदांतील खाचाखोचा जाणणारा, आणि त्या उजेडात आणण्यात ज्याचा स्वार्थ आहे असा एकच पक्ष उरतो: हरलेला स्पर्धक. तो काही लोकहितासाठी झगडत नाही. परंतु त्याच्या स्वार्थाचा लोकहिताला फुकटात उपयोग होतो. अलीकडच्या वर्षांत अशा तक्रारींपैकी सुमारे निम्म्यांत तक्रारदाराला काही ना काही दाद मिळालेली आहे. अनेकदा तर निकालापूर्वी खातेच आपली चूक सुधारते. सारेच तक्रारखोर असते, तर असे घडले नसते.

स्पर्धक नसला म्हणजे काय होते, हेही त्याच कार्मिक कार्यालयाच्या अनुभवावरून दिसते. आपली संगणकव्यवस्था नव्याने उभारण्याचे काम त्याने 2014 साली स्पर्धा न घेता इम्पेरॅटिस या एकाच कंपनीस दिले. कार्यालयाच्या महानिरीक्षकांनी 2015 मध्ये त्यावर आक्षेप घेतला. 2016 च्या मे महिन्यात कंपनीने काम मध्येच सोडले. चोरीनंतर पीडितांना साहाय्य देण्यासाठी सुमारे 2 कोटी डॉलरचे पहिले कंत्राट दिले गेले, तेही विलक्षण घाईने. त्यातही नियमभंग झाल्याचा ठपका पुढे महानिरीक्षकांनी ठेवला. निकड खरी होती, पण निकडीच्या नावाखाली केलेल्या घाईने सुरक्षा वाढली नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

अर्थात, या पद्धतीचे दोष नाकारता येत नाहीत. नवे काम थांबले की बहुधा जुन्या कंत्राटदारालाच मुदतवाढ मिळते. म्हणून हरलेला स्पर्धक हाच जुना कंत्राटदार असेल, तर हरण्याची खात्री असूनही तक्रार करणे त्याला फायद्याचे ठरते. यावर उपाय म्हणून मोठ्या कंपन्यांकडून हरल्यास खर्च वसूल करण्याचा प्रयोग संरक्षण खात्यासाठी 2017 साली कायद्यात घातला गेला. पुढे ती तरतूदच रद्द झाली. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. तटबंदीचा नकाशा भर दरबारात कसा मांडावा? यावर तेथील तोड साधी आहे. संरक्षक आदेशाखाली फक्त वकिलांना कागद पाहता येतात. ते आपल्या अशिलालाही दाखवता येत नाहीत. याचा अर्थ, गुप्तता राखूनही तपासणी होऊ शकते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? हरलेल्या निविदाकाराने खात्याकडे विचारणा करावी, आणि समाधान न झाल्यास उच्च न्यायालयात जावे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील मोबाईल दूरध्वनी परवान्यांविषयीच्या टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली मर्यादा आखून दिली. न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासील, निर्णयाचे गुणदोष अपीलकोर्टाप्रमाणे तोलणार नाही, ही ती मर्यादा. ती योग्यच आहे. न्यायाधीश हा संगणकतज्ज्ञ नव्हे. पण मग ते गुणदोष तोलणारी तज्ज्ञ व स्वतंत्र यंत्रणा हवी. 2012 च्या केंद्रीय खरेदी विधेयकात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तक्रार समित्यांची तरतूद होती. 2014 साली लोकसभेची मुदत संपली आणि ते विधेयक व्यपगत झाले.

हा प्रश्न केवळ कंपन्यांचा नाही. शिक्षकाचे वेतनपत्रक, कारकुनाचा भविष्यनिर्वाह निधी, विद्यार्थ्याची गुणपत्रिका, सारे आज सरकारी संगणकांत आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक हल्ल्याने ठप्प झाले, तेव्हा रुग्णांच्या रांगा कागद-पेन्सिलीवर आल्या. त्या संगणकांची राखण कोणाकडे व का सोपवली, हे विचारण्याचा आपल्यापैकी प्रत्येकाला अधिकार आहे. परंतु तो बजावण्याचे साधन मात्र नाही. मुदतीत बांधलेली, बंद दाराआड का होईना पण स्वतंत्रपणे चालणारी तपासणी हे ते साधन होय. शंभर दिवसांचा विलंब जाचक खरा. पण चुकीच्या हाती दिलेली किल्ली परत मिळवायला शंभर दिवस पुरत नाहीत.