लॉटरी चालेल, पण चिठ्ठ्या मोजक्याच का?

घाटकोपरच्या राजावाडीत महानगरपालिकेची सीबीएसई शाळा 2021 साली सुरू झाली. त्या वर्षी मुंबईत अशा दहा शाळा उघडल्या. आदल्या वर्षी जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसई आणि माहीमच्या वूलन मिलला आयसीएसई शाळा सुरू झाली होती. फी नाही, इंग्रजी माध्यम, केंद्रीय मंडळ. आमच्या वस्त्यांतल्या रिक्षावाल्याला, घरकामाला जाणाऱ्या बाईला हे हवंच होतं. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले आणि प्रवेश लॉटरीने ठरू लागले.

आता काही जण म्हणतात, लॉटरी कसली काढता, परीक्षा घ्या, हुशार मुलं निवडा. वाईट याचं वाटतं की आपल्यातलेच, नोकरीत स्थिरावलेले काही बांधवही हेच बोलतात. त्यांना आम्ही विचारतो, चार वर्षांच्या पोराची कसली गुणवत्ता मोजणार? घरात पुस्तकं आहेत का, आई इंग्रजी बोलते का, शिशुवर्गाला पैसे होते का, एवढंच त्यातून कळेल. म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने अशा चाळणीवर बंदी घातली आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी स्टायव्हसंट हायस्कूलमध्ये प्रवेश एकाच लेखी परीक्षेवर होतो. 2019 साली तिथे 895 मुलांना प्रवेश देऊ केला गेला, त्यात कृष्णवर्णीय मुलं होती सात. तिथेही याला गुणवत्ताच म्हणतात! परीक्षेपेक्षा लॉटरी हजारपट बरी, यावर आम्ही ठाम आहोत.

पण लॉटरी न्याय करते ती डब्यात चिठ्ठी पडलेल्यांपुरताच. डब्यापर्यंत पोचायला ऑनलाइन अर्ज, दाखले, पत्त्याचा पुरावा लागतो. रमाबाई आंबेडकर नगरचं उदाहरण घ्या. 11 जुलै 1997 ला जिथे पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली, तीच ही वस्ती. आज तिथे पुनर्विकास चालू आहे, घरं रिकामी करून कुटुंबं भाड्याने पांगली आहेत. भाड्याचे पैसे हातात येतात, पण पत्ता हातातून जातो. खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांसाठी भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. घरमालक तो करून देतो का? आम्ही वस्तीत फॉर्म भरायला बसतो तेव्हा निम्मा वेळ या एका कागदापायी जातो. अनुसूचित जातीच्या पालकाला या 25 टक्क्यांत उत्पन्नाची अट नाही, हेसुद्धा अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

ही 25 टक्क्यांची वाटही सरकारने बुजवायचा प्रयत्न केला होता. 9 फेब्रुवारी 2024 ला नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट दिली. मुंबईत अशी शाळा कुठे नसते? पालक कोर्टात गेले आणि 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. लढलं म्हणून टिकलं, एवढं लक्षात असू द्या.

मूळ प्रश्न मात्र लॉटरीच्याही मागचा आहे. महानगरपालिका आठ भाषांतून शाळा चालवते. आता सगळ्यांच्या पाट्यांवर मुंबई पब्लिक स्कूल असं एकच नाव आलं, पण आत शाळा दोन प्रकारच्या. एक दाखवायची, पाहुण्यांना फिरवायची. दुसरीत शिक्षक कमी, पट घसरलेला, आणि मग पट कमी म्हणून बंद करायची. ज्याची चिठ्ठी निघाली नाही ते पोर याच दुसऱ्या शाळेत जातं. वरच्या थोड्यांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी धोरणावर जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हल्ला चढवला होता. कर रयतेचा आणि शिक्षण मूठभरांचं, हे त्यांचं दुखणं होतं. कोठारी आयोगानेही 1966 साली सर्वांसाठी समान, शेजारशाळेचा आग्रह धरला. आज मंडळाचं नाव बदलून तीच झिरपणी परत आली आहे. चांगल्या शिक्षणाची जबाबदारी कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे महापालिकेवर टाकली आहे. त्यात निवडक शाळांपुरती असं कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा सीबीएसई शाळा बंद करा, अशी आमची मागणी मुळीच नाही. तसं म्हणणाऱ्यांची मुलं कुठे शिकतात ते आधी पाहा. वर्गखोल्या वाढवा, तुकड्या वाढवा आणि तेवढेच शिक्षक शेजारच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळेलाही द्या. पुनर्विकासात हललेल्या कुटुंबाचा जुना वस्तीचा पत्ता प्रवेशासाठी ग्राह्य धरा. शिफारशीने एकही जागा भरू नका.

तोवर एन वॉर्डात माहिती अधिकाराचे अर्ज टाकू या. राजावाडीच्या शाळेत दरवर्षी अर्ज किती, जागा किती, त्यात अनुसूचित जातीची मुलं किती, कागदाअभावी बाद किती? आणि आसपासच्या पालिका शाळांत शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? प्रत्येक विहारातून एक अर्ज गेला तरी पुढच्या प्रवेशाच्या आत आकडे आपल्या हातात असतील.