ईईजीचं मशीन येईल, पण आलेख वाचणार कोण?

आकडी आली की कांदा हुंगवायचा, हे गावाकडं अजूनही चालतं. मग डॉक्टर ईईजी काढायला सांगतात. माळेगाव बुद्रुकच्या रुग्णाला बारामती जवळ, पुणे मात्र सुमारे 100 किलोमीटर. त्यामुळे चर्चा होते ती मशीनची. पण त्यातून निघणारा आलेख अचूक वाचणारा डॉक्टरही तितकाच गरजेचा आहे.

क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजी म्हणजे काय?

मेंदू, नसा आणि स्नायूंमधले विद्युत संदेश मोजून आजार ओळखण्याचं हे शास्त्र. ईईजी मेंदूची नोंद घेतो, नर्व्ह कंडक्शन चाचणी नसांची, तर ईएमजी स्नायूंची.

न्यूरोलॉजिस्टला आणखी शिक्षण कशाला?

एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन आणि डीएम तीन, म्हणजे साडेअकरा वर्षं झालेलीच असतात. डीएममध्ये या चाचण्या शिकवल्या जातात. पण हात बसतो तो तज्ज्ञाच्या नजरेखाली शेकडो आलेख वाचूनच. म्हणूनच अमेरिकेत यासाठी एक वर्षाची स्वतंत्र फेलोशिप आहे.

वाचताना चूक झाली तर?

निरुपद्रवी लहरी मिरगीच्या समजल्या गेल्या, तर नसलेल्या आजाराच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. उलट, ईईजी नॉर्मल आला म्हणजे मिरगी नाहीच, असंही नसतं. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे 200 हून अधिक संशयित रुग्ण आढळले. या आजारातही पहिल्या आठवड्यात नसांची चाचणी नॉर्मल येऊ शकते.

उपाय काय?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ विविध विषयांत फेलोशिप चालवतं. या विषयाच्या फेलोशिपमधले काही महिने बारामतीसारख्या शासकीय महाविद्यालयात सक्तीचे करावेत. ईईजी आता डिजिटल फाइल असते. ती पुण्या-मुंबईतल्या तज्ज्ञाला पाठवून रिपोर्ट मागवता येतो. मात्र इलेक्ट्रोड नीट लावणारा तंत्रज्ञ गावाजवळच हवा.

आधीच न्यूरोलॉजिस्ट कमी, त्यात आणखी एक वर्ष अडकवायचं का, हा आक्षेप रास्त आहे. पण फेलो त्या वर्षात रुग्णही तपासतो. त्याला पुरेसं विद्यावेतन मिळालं, तर ते वर्ष वाया जात नाही.

योग्य निदान आणि उपचार मिळाले, तर मिरगीचे 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे मशीन खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात 'रिपोर्ट कोण देणार?' हा रकाना असायलाच हवा. तो रिकामा असेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.