आधी आडनाव, मग किल्ली

नागपूरच्या प्रताप नगरात ‘किरायाने देणे आहे’ ही पाटी वाचून फोन केला, की बऱ्याचदा किरायाच्या आकड्याआधी प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ ते पसंत पडलं नाही, तर रूम ‘कालच गेली’. पाटी मात्र पुढचा महिनाभर लटकलेली. सगळेच घरमालक असे नाहीत. सगळेच तसे असं म्हटलं, तर मीही त्यांच्याच पंगतीला बसेन.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. घर आयुष्यभराच्या पीएफमधून बांधलेलं. एखादा किरायेदार सहा महिने थकवून गेला, की माणूस पुढे ताकही फुंकून पितो. शिवाय राज्यघटनेच्या कलम १५ नं दुकानं, हॉटेलं, विहिरी सर्वांना खुल्या केल्या. खाजगी घराची किल्ली कोणाला द्यावी हे त्यात नाही.

ताक फुंकायला कोणाची ना आहे? पण पैसे बुडवणारा आपल्या नात्यातला निघाला, तर ‘तो माणूसच तसा’ म्हणून आपण मोकळे होतो. परका असला, की ‘ते लोकच तसे’. अनुभव एकच, निष्कर्ष मात्र दोन. त्यातून विदर्भात आडनाव तरी काय सांगणार? मेश्राम गोंडांतही आहेत, बौद्धांतही. वानखेडे कुणबी असतील, माळी असतील, बौद्धही असतील. मग मूळ गाव विचारायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ‘नॉनव्हेज चालणार नाही’. हे सावजी मटणाच्या गावात!

कायद्यानं अडवलं नाही म्हणजे योग्य ठरलं, असंही नाही. इथून जवळच दीक्षाभूमी आहे. तिथे १९५६ साली लाखोंना धम्मदीक्षा देणारे बाबासाहेब १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. बडोद्यात त्यांनी कोणाचा किराया बुडवला होता?

नोकरीतही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले. २००७ साली छापलेला निष्कर्ष असा, की उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. या अर्जदारांचा कंपन्यांना कसला ‘अनुभव’ होता?

गंमत म्हणजे आपल्याच घरचं पोट्टं पुण्यात नोकरीला गेलं आणि ‘विदर्भातले लोक आळशी’ हे ऐकून आलं, की आपण खवळतो. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांनी आम्हाला आळशी म्हणावं? (हाही साचाच, पण हात शिवशिवतात.) तिथे आपल्याला एकेका माणसाचा हिशेब हवा असतो. इथे आपण जातीच्या नावावर बिल फाडतो.

घरमालकानं सावध राहूच नये, असं कुठे म्हटलंय? डिपॉझिट घ्या, अकरा महिन्यांचा करार करा, किरायेदाराची माहिती पोलिसांत द्या, पगाराची स्लिप बघा. आणि आधीच्या घरमालकाला फोन करा. तो सुटका हवी म्हणून गोड बोलण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच्या शेजाऱ्यालाही विचारा.