देऊळ आणि नेमणूक

काशीचे आजचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये बांधले. औरंगजेबाच्या हुकुमाने 1669 मध्ये जुने मंदिर पडले, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. जुन्या जागी मशीद होती. नवे देऊळ तिच्या शेजारी उठले. आकाराने ते मोठे नाही. शिखरावरचे सोने नंतरचे, महाराजा रणजितसिंहांनी दिलेले. समोरचा नगारखाना 1785 चा. तो वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून अली इब्राहीम खान या कंपनीच्या न्यायाधीशाने उभारला. काशीविषयी हल्ली तावातावाने बोलणाऱ्यांच्या तोंडी हा नगारखाना सहसा येत नाही.

सोमनाथालाही असेच घडले. 1783 मध्ये अहिल्याबाईंनी तेथे देऊळ बांधले ते भग्न मंदिरापासून थोडे हटून, आणि मुख्य पिंड ठेवली तळघरात. आजच्या भव्य मंदिरात 1951 मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली, तोवर प्रभासपाटणच्या भाविकांना हेच सोमनाथ होते. गमावलेल्या जागेवरचा हक्क अहिल्याबाईंनी सोडला की राखला, यावर वाद घालायला आज पुष्कळ जण सरसावतात. अहिल्याबाईंच्या बांधकामांतून दिसते ते एवढेच की, वाद मिटेपर्यंत देवाला उपाशी ठेवायचे नाही.

काशी आणि सोमनाथ दोन्ही होळकरांच्या मुलखाबाहेर. गयेचे विष्णुपद मंदिरही तसेच. म्हणजे यातून वसूल वाढणार नव्हता की फौजेला वाट मिळणार नव्हती. पैसा आला तो खासगीतून. 1734 मध्ये पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या सासूबाई, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर वेगळी तोडून दिली होती. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. दानधर्म खासगीतून चाले. त्यातही खरी मेख आहे ती नेमणुकीत. कळस चढवून काम संपले, असे अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या दरबारात मानले जात नसे. देवळापाठोपाठ पूजेला, अन्नछत्राला, दिवाबत्तीला सालाबादची रक्कम बांधून दिली जाई. दक्षिणेकडच्या दूरदूरच्या देवळांत अभिषेकासाठी गंगाजल नियमाने पोहोचवले जाई. ही माहिती इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने माळव्यातल्या लोकांकडून ऐकून टिपली आहे. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्तोरस्ती पाणी, औताच्या बैलांना शेतात थांबवून पाणी, पाखरांसाठी राखलेली उभी पिके, हेही त्यानेच नोंदवले आहे.

तोच माल्कम आणखी एक गोष्ट सांगतो. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, नर्मदेत टाकायला लावला आणि ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही.

31 मे 2025 रोजी चोंडीच्या या लेकीच्या जन्माला 300 वर्षे झाली. त्याच वर्षी प्रयागचा कुंभ झाला, जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले; वर्ष वारशाचेच म्हणायचे. त्रिशताब्दीच्या कमानी, फलक, पुतळे आणि भाषणे मात्र वर्षभर डोळ्यांत खुपत राहिली. त्यांत अहिल्याबाईंपेक्षा फोटोतली इतर मंडळी मोठी होती. 6 मे रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चोंडीत भरली. चोंडीच्या स्मृतिस्थळाच्या विकासासाठी 681 कोटींचा आराखडा मंजूर झाला. त्याच बैठकीत अहिल्याबाईंच्या काळातले तलाव, विहिरी, घाट आणि कुंड अशा 34 जलस्रोतांच्या दुरुस्तीसाठी ठरले 75 कोटी. दुरुस्ती मुळात आठवली, हे चांगलेच झाले. पण त्या बाईंनी स्मारक आणि पाणी यांतले प्रमाण असे ठेवले नसते. आणि एकदा दुरुस्त झालेल्या विहिरीचा गाळ पुढच्या उन्हाळ्यात कोणी, कोणत्या पैशाने उपसायचा, हा नेमणुकीचा प्रश्न उरतोच.

नेमणुकीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. संस्थान विलीन झाल्यावर खासगीच्या धर्मादाय मालमत्तांसाठी 1962 मध्ये न्यास स्थापन झाला. काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद पेटला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2022 मध्ये न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो असा निर्णय दिला. जयजयकाराच्या वर्षात ही बाब फारशी कोणाच्या भाषणात आली नाही. हिशेबाच्या वह्यांना टाळ्या पडत नाहीत, हे त्याचे साधे कारण.

श्रद्धेची मोजदाद आज शिखराच्या उंचीवर आणि दर्शनाच्या रांगेवर होते. अहिल्याबाईंच्या आज्ञापत्रांवर सही असे ती ‘श्री शंकर’ अशी. स्वतःचे नाव तेथेही नसे. त्यांच्या श्रद्धेत दगडाइतकेच महत्त्व तेलवातीला होते, आणि तेलवातीची तरतूद कागदावर होती. वारसा म्हणून जपायची ती हीच पद्धत. ती जपण्यासाठी नवा पुतळा लागत नाही.

या दिवाळी अंकाचा विषय ‘पाणी’ असल्याने त्यातला एक विभाग बारवा आणि कुंडांना दिला आहे. अनेक गावांतल्या जुन्या बारवा त्यात यायच्या राहिल्या आहेत. वाचकांनी आपल्या गावची बारव कोणत्या स्थितीत आहे, तिचा गाळ शेवटचा कधी निघाला आणि खर्च कोणी केला, एवढे लिहून पाठवावे. फोटोत पुढारी नसले तरी चालतील.