छोट्या पोकर टूर्नामेंटमधून खरंच कमाई होते का? डावपेच, शिस्त आणि २०२५ च्या कायद्यानंतरचा हिशोब

"₹५० भरा, ₹१,००० जिंका." दोन-तीन वर्षांपूर्वी फोनवर कुठलाही व्हिडिओ उघडला की अशी एखादी जाहिरात यायचीच. मग ऑगस्ट २०२५ मध्ये चित्र एकदम पालटलं. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच आठवड्यात पोकरबाझी, ड्रीम११, एमपीएल, झुपी यांनी पैशांवरचे खेळ बंद केले. ड्रीम११ तर भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरूनही गेलं.

पण खेळायची इच्छा काही कायद्याने जात नाही. आता जाहिरातींची जागा टेलिग्राम चॅनेल आणि व्हॉट्सॲपवरच्या लिंकनी घेतली आहे. "पोकर हा डोक्याचा खेळ आहे, छोट्या टूर्नामेंट शिस्तीत खेळलास तर महिन्याचा खर्च निघतो," असं सांगणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसासारख्या गावातही हातात तोच फोन आहे, तोच यूपीआय आहे आणि तीच लिंक येते. म्हणून आज हा दावा नीट तपासून बघू. डावपेच खरे आहेत का? शिस्तीने फायदा होतो का? आणि झालाच, तर तो किती?

आधी खेळाची बाजू: कौशल्य खोटं नाही

पोकरमध्ये नशीब आहे, पण कौशल्यही आहे. एकच हात बघितला तर नशीब जिंकतं. हजारो हात बघितले तर चांगला खेळाडू पुढे जातो. छोट्या टूर्नामेंटमध्ये चांगले खेळाडू काय वेगळं करतात, ते बघा.

१. सुरुवातीला कमी हात खेळतात. नवखा खेळाडू प्रत्येक पत्त्यावर "बघूया तरी" म्हणत आत येतो. जाणता खेळाडू बहुतेक पत्ते टाकून देतो. हे कंटाळवाणं असतं, आणि शिस्तीची पहिली परीक्षा इथेच होते.

२. हिशोब करून पैसे लावतात. समजा पॉटमध्ये २०० चिप्स आहेत आणि समोरच्याने १०० लावले. तुम्हाला १०० भरून एकूण ४०० चिप्सच्या पॉटसाठी लढायचंय, म्हणजे किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. तुमच्याकडे एकाच रंगाचे चार पत्ते आहेत आणि एकच पत्ता उघडायचा बाकी आहे. न दिसलेले पत्ते ४६, तुमच्या कामाचे ९. म्हणजे शक्यता साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. उत्तर सरळ आहे: पत्ते टाका. "आता येईलच" हा हिशोब नव्हे.

३. चिप्स कमी उरल्या की घुटमळत नाहीत. ब्लाइंड वाढत जातात. हातात मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीहून कमी चिप्स राहिल्या की दोनच पर्याय उरतात: सगळं लावा किंवा पत्ते टाका. कुठल्या जागेवरून कुठल्या पत्त्यांवर सगळं लावायचं याचे तक्ते असतात आणि गंभीर खेळाडू ते पाठ करतात.

४. बक्षिसाच्या उंबरठ्यावर चिप्स आणि पैसे यांतला फरक ओळखतात. समजा शेवटचे तीन खेळाडू उरलेत आणि बक्षिसं ५०, ३० आणि २० टक्के अशी आहेत. सगळ्या चिप्स जिंकणाऱ्यालाही बक्षिसरकमेचा निम्माच भाग मिळतो. म्हणून चिप्स दुप्पट झाल्या तरी पैसे दुप्पट होत नाहीत, पण चिप्स शून्य झाल्या की खेळ संपतो. अशा वेळी नुसतं टिकून राहण्यालाही किंमत असते.

५. खिशाला मर्यादा घालतात. ₹५० ची टूर्नामेंट खेळायची तर किमान १०० प्रवेशांचे, म्हणजे ₹५,००० वेगळे ठेवायचे. ते गेले तरी घरच्या खर्चाला धक्का लागायला नको. हरल्यावर रागाने मोठ्या रकमेच्या टेबलावर जायचं नाही. प्रत्येक टूर्नामेंटची वहीत नोंद ठेवायची.

हे सगळं शिकता येतं. आता वहीतल्या आकड्यांकडे वळू.

₹५० च्या टूर्नामेंटचा हिशोब

समजा प्रवेश ₹५०. त्यातले ₹४५ बक्षिसात जातात आणि ₹५ साइटची फी. १०० जण खेळले तर बक्षिसाची रक्कम ₹४,५००. सगळे सारख्याच ताकदीचे असतील तर प्रत्येकाला सरासरी ₹५० टाकून ₹४५ परत मिळतात. म्हणजे सरासरी खेळाडू १० टक्के तोट्यात. नुसतं बरोबरीत सुटायला तुम्ही सरासरीपेक्षा ११ टक्के सरस हवेत.

आता मानू की तुम्ही खरोखर चांगले आहात आणि दर टूर्नामेंटला सरासरी २० टक्के नफा काढता. म्हणजे ₹१०. रोज चार टूर्नामेंट, महिन्याला १२०. नफा ₹१,२००.

यावर कर आहे. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकण्यावर सरसकट ३० टक्के आयकर लागू झाला. त्यावर ४ टक्के सेस धरला की ३१.२ टक्के. "माझं उत्पन्न करपात्रच नाही" ही सबब इथे चालत नाही, कारण नेहमीची सूट मर्यादा या कमाईला लागू नाही. म्हणजे हातात उरतात साधारण ₹८२५.

आता वेळ धरा. एका टूर्नामेंटला सरासरी दीड तास म्हटलं तर महिन्याचे १८० तास. तासाला साडेचार रुपये! एकाच वेळी दोन टेबलं खेळलात तर नऊ. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ₹३१२ ठरली होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ₹३९. तेही तक्ते पाठ न करता.

आणि ही जिंकणाऱ्याची गोष्ट आहे. हरणाऱ्याच्या हिशोबात वेळही जातो आणि पैसेही.

शिस्त असूनही हरण्याचे महिने

छोट्या टूर्नामेंटमध्ये साधारण १५ टक्के लोकांनाच बक्षीस मिळतं. चांगला खेळाडू समजा १८ टक्के वेळा बक्षिसात येतो. म्हणजे १०० पैकी ८२ वेळा हात रिकामे. सलग दहा टूर्नामेंट कोरड्या जाण्याची शक्यता सातात एक आहे. महिन्याला १२० खेळलात तर त्यात कुठेतरी सलग २० कोरड्या येण्याची शक्यता साधारण ३० टक्के निघते.

वरच्या उदाहरणातला खेळाडू, जो खरोखर २० टक्के सरस आहे, त्याचाही साधारण चारातला एक महिना तोट्यात जाईल. खरी मेख इथे आहे. एका तोट्याच्या महिन्यावरून तुम्ही कच्चे आहात की नुसतं नशीब वाईट आहे, हे कळत नाही. तसंच एका फायद्याच्या महिन्यावरून तुम्ही पक्के आहात हेही सिद्ध होत नाही. स्वतःचा खरा दर्जा कळायला हजारो टूर्नामेंटची नोंद लागते. तोवर बहुतेकांचा धीर सुटतो किंवा पैसे संपतात. "मागच्या महिन्यात मी ₹३,००० काढले" म्हणणारा मित्र खोटं बोलत नसेल. त्याने फक्त एका महिन्याचा हिशोब सांगितलाय.

जीएसटीने हे गणित आणखी अवघड केलं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला. ₹१०० भरले की खेळायला उरायचे ₹७८. जिंकलेल्या पैशातून पुन्हा खेळल्यास तो परत लागत नव्हता आणि काही कंपन्या बोनस देऊन तो भार स्वतःवर घ्यायच्या. पण हरून पुन्हा पैसे भरणाऱ्याला प्रत्येक वेळी हा फटका होता.

कायदा नेमकं काय म्हणतो?

अनेक वर्षं वाद एकच होता: हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. पोकरबाबत मात्र न्यायालयांचं एकमत नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याच्या बाजूने मत दिलं.

२०२५ च्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळलेला ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. यातल्या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

• असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

• जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात फक्त नट आणि क्रिकेटपटू येतात असं समजू नका. इन्स्टावर रेफरल लिंक टाकणारा तुमच्यासारखा पोरगाही अडकू शकतो.

• पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम चालू राहू शकतात. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिलं आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक ₹२०,००० कोटींच्या आसपास गमावतात, हा सरकारने दिलेला अंदाज. कंपन्यांचं म्हणणं असं की बंदीमुळे लोक परदेशी साइटकडे जातील. दोन्ही बाजूंचा मुद्दा आपल्या जिल्ह्यातल्या एका प्रकरणात दिसतो.

गोंदियाचं ५८ कोटींचं प्रकरण

जुलै २०२३. नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा टाकला. सुमारे १७ कोटी रोख, १४ किलो सोनं आणि २०० किलो चांदी मिळाल्याची बातमी देशभर गाजली. तक्रारदार नागपूरचा एक व्यापारी. त्याच्या तक्रारीनुसार व्हॉट्सॲपवर लिंक आली, खातं उघडलं तर त्यात आधीच ₹८ लाख जमा होते. सुरुवातीला जिंकणं सुरू झालं. पुढे पाचेक कोटी जिंकले, आणि ५८ कोटी गेले.

हा पोकरचा मामला नव्हता. पण पद्धत ओळखून ठेवा: ओळखीतून आलेली लिंक, खात्यात आयती रक्कम, सुरुवातीचा विजय, मग मोठी रक्कम. रक्कम ₹५०० असो की ५ कोटी, क्रम हाच असतो. इथे तुमचे डावपेच काय कामाचे? पत्ते खरोखर पिसले जातात की नाही, हे तपासणारं कुणी नसेल तर साडेएकोणीस टक्क्यांचा तो हिशोब निरर्थक आहे.

पत्ते प्रामाणिक असले तरी समोरचा माणूसच असेल याची खात्री नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेल्या 'प्लुरिबस' या प्रोग्रॅमने २०१९ मध्येच सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं होतं. त्याशिवाय एकाच खोलीत बसून चार खाती चालवणारी टोळी टेबलावर असू शकते. देखरेख नसलेल्या साइटवर तक्रार करायची कुणाकडे?

सगळ्यात मोठा धोका: तुमचं बँक खातं

परदेशी साइट पैसे घेतात कसे? बऱ्याचदा एखाद्या अनोळखी माणसाच्या यूपीआयवर. दर वेळी वेगळा क्यूआर, वेगळं नाव. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातल्या एखाद्या खात्यावर सायबर तक्रार झाली की पैशांची साखळी तपासली जाते आणि त्यात सापडलेली रक्कम किंवा अख्खं खातं गोठवलं जाऊ शकतं. तुम्ही ₹६०० जिंकून काढलेत, आणि ते ₹६०० कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले, तर? त्याच खात्यात घरचे धानाचे पैसे किंवा शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. मग बँक आणि पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू.

"तुझं खातं आणि सिम दे, महिन्याला ₹५,००० देतो" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. कायद्यातला तिसरा मुद्दा आठवा.

मग करायचं काय?

पोकरचं गणित आवडत असेल तर खेळाच्या चिप्सवर, पैसे न लावता खेळा. शक्यता, जोखीम, नोंदी ठेवणं, रागावर ताबा हे गुण तिथेही शिकता येतात आणि परीक्षेपासून धंद्यापर्यंत कामी येतात.

पैसे अडकले असतील तर "अजून थोडे भरले की निघतील" यावर विश्वास ठेवू नका; पैसे काढायला आधी 'टॅक्स' भरा म्हणणारी साइट हमखास फसवी असते. स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

खेळणं सुटत नसेल, उधारी वाढली असेल, घरी सांगायची भीती वाटत असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. एखादा मित्र सारखे पैसे मागत असेल तर हा नंबर त्यालाही द्या.

आणि पुढच्या वेळी "शिस्तीत खेळलं तर निघतात" असं कुणी म्हणालं, तर त्याला वही दाखवायला सांगा: किती टूर्नामेंट, किती भरले, किती काढले, किती तास गेले. चार आकडे पुरेत.